पडद्यापलीकडचा खो

“झोपेचं काही देऊ नका हं डॉक्टर. मला ऐकायचंय.”

चौगुले बाई ऑपरेशनच्या टेबलावर डाव्या कुशीवर होत्या आणि तिथूनच मला हुकूम सोडत होत्या. मी दिलेली भूल कमरेखाली चढली होती. पाय त्यांचे राहिले नव्हते, जीभ मात्र पूर्ण त्यांच्या ताब्यात होती. इचलकरंजीच्या शाळेत आयुष्यभर मुलींना खो-खो शिकवलेली बाई, मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला शिट्टीशिवाय पोचेल असा आवाज. माझ्यासारख्या भूलतज्ज्ञाला असा पेशंट म्हणजे डोक्याला ताप.

“ऐकण्यासारखं काही नसतं हो,” मी म्हणालो. “सुतारकाम चाललंय असं वाटेल. हातोडी, करवत. उगाच घाबराल.”

“घाबरायचं असतं तर आले असते काय?” बाई म्हणाल्या. “आणि तुम्ही हितं माझ्या तोंडाजवळच बसणार न्हवं? मग झालं की. बोलत बसू.”

 भूलतज्ज्ञाची जागा अशीच असते. पेशंटच्या डोक्याशी बसायचं, समोर हिरव्या कापडाचा पडदा, आणि पडद्यापलीकडे सगळी मोठी माणसं मोठी कामं करत असतात. आपल्याला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

दार ढकलून डॉ. शमा मुजावर आल्या. हात धुतलेले, कोपरापासून पाणी ठिबकत होतं. मॅडम उंचीने एवढ्या कमी होत्या की त्यांच्यासाठी टेबलाशेजारी लाकडी पाट ठेवावा लागे, आणि तो पाट ठेवला नाही तर सांगलीतल्या आमच्या त्या हॉस्पिटलात कोणाची धडगत नसे.

“मॅडम,” चौगुले बाईंनी पडद्याकडे तोंड करून हाक मारली, “काल काय ठरलंय?”

“ठरलंय ते ठरलंय, बाई.”

“परत एकदा म्हणा.”

“दिसलं नाही तर दिसलं असं म्हणणार नाही,” मुजावर मॅडम म्हणाल्या. “सरळ मोठा छेद घेणार.”

“हां. आता करा सुरू.”

हे काय ठरलं होतं ते सांगायला हवं. चौगुले बाईंचा उजवा खुबा पार झिजून गेला होता. तो काढून कृत्रिम सांधा बसवायचा होता. नेहमीच्या पद्धतीत मांडीच्या वर वीतभर छेद घ्यायचा, स्नायू कापून बाजूला करायचे आणि ऐसपैस उघड्यावर काम करायचं. सर्जनला सगळं लख्ख दिसतं, पण ते स्नायू पुन्हा जुळून ताकद धरेपर्यंत पेशंट महिनोन् महिने लंगडत राहतो. काही जण कायमचे. मुजावर मॅडमनी शिकून आणलेल्या नव्या पद्धतीत छेद चार बोटांचा. स्नायू कापायचे नाहीत, नुसते विलग करायचे आणि त्या फटीतून आत काम करायचं. बाईंना हेच हवं होतं. “मला मैदानावर उभी राहून शिकवायचंय,” त्या ओपीडीत म्हणाल्या होत्या. “खुर्चीत बसलेल्या बाईचं पोरी ऐकत न्हाईत. आणि मलाही खुर्चीत बसून ओरडायला लाज वाटते.”

अडचण एकच होती. फटीतून दिसत नाही. खुब्याची वाटी खोल असते. तिच्यात धातूचा कप बसवायचा, तोही नेमक्या कोनात. वाटीची कड नीट न दिसता अंदाजाने बसवला आणि वाकडा बसला, तर नवा सांधा एखाद्या दिवशी बसता-उठता निखळतो. मग पुन्हा ऑपरेशन, पुन्हा टेबल. बाईंना हे सगळं मॅडमनी चित्र काढून समजावलं होतं, आणि बाईंनी ते ऐकून वर सांगितलेली अट घातली होती.

अट घातली नसती तरी चाललं असतं. मुजावर मॅडमइतकं दिसत नाही म्हणणारा सर्जन मी दुसरा पाहिलेला नाही. सर्जनांना उजेड कमी पडतो, सक्शन धड चालत नसतं, असिस्टंटचं डोकं मध्ये येतं, सिस्टरचं लक्ष नसतं. दिसत नाही असं मात्र कधी होत नाही. मॅडम भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज म्हणायच्या, “मला दिसत नाहीये.” आधीच्या दोन पेशंटांना त्यांनी छोट्या छेदाने सुरुवात केली आणि ऐन वेळी हेच वाक्य म्हणून छेद मोठा केला. पेशंट दोन्ही ठणठणीत झाले. पण कँटीनमध्ये चेष्टा सुरू झाली. मॅडमना चष्मा लागलाय म्हणे, मॅडमच्या कपाळाला टॉर्च बांधा म्हणे.

टॉर्च मॅडमनी खरंच बांधला. कपाळावरचा खास दिवा मागवला. छताचा दिवा हलवून घेतला. जखमेच्या कडा बाजूला ओढून धरायची जी वाकडी पट्टी असते, रिट्रॅक्टर, तिच्या टोकाला बारीक दिवा बसवून घेतला. त्यासाठी कुपवाडच्या एका कारखान्यात स्वतः जाऊन बसल्या. आत उजेड झाला, अगदी देवघरासारखा झाला, तरी वाटीची कड काही पूर्ण दिसेना.

त्या दिवशी हाताखाली दोघं होते. डॉ. घोरपडे हा सहा फुटी, तालमीत घुमलेला कोल्हापूरकर, टेबलाच्या पलीकडे. आणि डॉ. उपाध्ये ही बारीक चणीची, अबोल मुलगी, मॅडमच्या शेजारी. दोघांच्या हातात एकेक रिट्रॅक्टर. हे काम दिसायला सोपं. धरून उभं राहायचं. पण त्या धरणाऱ्याला स्वतःला आतलं काही दिसत नाही. तो नुसता शब्दावर चालतो.

छेद घेतला. करवत चालली. बाईंनी भुवया वर करून माझ्याकडे पाहिलं.

“हाड?”

“हाड,” मी म्हणालो.

“बरं,” म्हणून त्या छताकडे बघत राहिल्या. त्यांची नाडी माझ्या मॉनिटरवर शांत चालली होती. माझीच जरा वाढली असावी.

मग पलीकडे वाटीचं काम सुरू झालं आणि आवाज बदलले. सक्शनची नळी सू-सू करत रक्त ओढत होती. मुजावर मॅडम पाटावर चवड्यांवर उभ्या राहिल्याचं मला पडद्यावरच्या टोपीवरून कळत होतं. टोपी इकडून तिकडे, तिकडून इकडे होत होती.

“वरची कड दिसत नाहीये.”

घोरपडेने ओढलं. मला त्याचे खांदे तेवढे दिसत होते, ते मागे गेले. आमच्या थिएटरांत ही पद्धतच आहे. सर्जन म्हणाला दिसत नाही की असिस्टंटने जोर लावायचा. जेवढा जोर तेवढी निष्ठा.

“आता उपाध्ये, जरा माझ्या बाजूला.”

उपाध्येनेही ओढलं.

“घोरपडे, सोड.”

घोरपडेचे खांदे आणखी मागे गेले.

“सोड, सोड.”

आणखी मागे. टेबल किंचित हललं. बाईंचं अंग माझ्या हाताखाली सरकलं.

“अरे सोड!” मॅडमचा आवाज चढला, आणि त्याबरोबर घोरपडेने पैलवानाने लांग ओढावी तसा जोर लावला. पलीकडे एकदम धावपळ झाली. कुठलीतरी बारीक रक्तवाहिनी फाटली होती. सक्शन, गॉज, सक्शन. मी सलाईनचा वेग वाढवला आणि रक्तदाबाकडे डोळे लावून बसलो. थोड्या वेळाने पलीकडे शांत झालं. रक्त थांबलं होतं.

मग ते वाक्य आलं.

“मला दिसत नाहीये. थांबा सगळे.”

 सिस्टरच्या हातातलं काहीतरी ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज झाला.

“बाई,” मॅडम पडद्याकडे बघून म्हणाल्या, “ऐकताय ना? ठरल्याप्रमाणे आता मोठा छेद घ्यावा लागेल. मी अंदाजाने कप बसवणार नाही.”

चौगुले बाईंनी डोळे मिटले. मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून बघत होतो, इतक्या जवळून तो बघायचा माझा अधिकार नाही असं मला वाटलं. ओठ घट्ट झाले, मग सैल झाले.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “शब्द तो शब्द.” आणि लगेच, “पण मॅडम, त्या पलीकडच्या पोराला तुम्ही काय सांगत होता?”

“सोड म्हणत होते.”

“मग ते सोडंना का झालं?”

घोरपडे मास्कमागून घोगऱ्या आवाजात म्हणाला, “मॅडम, तुम्ही ओढ म्हणत होता.”

“मी? ओढ?”

“मलाही ओढच ऐकू आलं,” उपाध्ये हळूच म्हणाली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं वाक्य असावं.

मी मनातल्या मनात आठवून बघितलं आणि मलाच घाम फुटला. मीही ओढच ऐकलं होतं. तोंडावर दुपदरी मास्क, आणि शेजारी सक्शन सारखं सू-सू करतंय. त्या सू-सूमध्ये सोडमधला ‘स’ कुठल्या कुठे बुडून जात होता. उरत होतं ते ओढच. मॅडम जितक्या जोरात सोड म्हणणार तितक्या जोरात तो बिचारा ओढणार.

पलीकडून एक विचित्र आवाज आला. मुजावर मॅडम हसत होत्या. रक्ताने भरलेले हात छातीशी धरून, पाटावर उभ्या राहून मॅडम हसत होत्या. तेवढ्यात हसणं थांबलं.

“म्हणजे दोघं एकाच वेळी ओढत होते,” त्या म्हणाल्या. कोणाला सांगत नव्हत्या, स्वतःशीच बोलत होत्या. “नुसते आज नाही, दर वेळी. चार बोटांचा छेद आणि दोन्हीकडून ताणलाय. मग तो उघडणार कसा? कापड दोन्हीकडून ताणलं की फट मिटतेच. मी आपली दिवे लावत बसलेय.”

“छेद वाढवू, मॅडम? सुरी देऊ?” सिस्टरने विचारलं.

“थांबा सिस्टर. बाई, मला एक सांगा. तुमच्या खेळात दोघी एकदम उठल्या तर?”

“एकदम कशा उठतील?” चौगुले बाई चिडल्याच. “फाऊल की ओ! एकच उठते. उठलेली पळते, खो देते, आणि जिला खो दिला तिच्या जागेवर बसते. मग ती दुसरी पळते.”

“आणि बसलेलीला कळतं कसं? तिची तर पाठ असते.”

“पाठीवर हात आणि तोंडानं खो. दोन्ही एकदम. नुसता हात लावून चालत न्हाई, नुसतं ओरडून चालत न्हाई. मैदानात एवढा गलका असतोय, नुसत्या आवाजावर गेलं तर कोण उठेल आणि कोण बसेल!”

पडद्यावरची टोपी थोडा वेळ हलली नाही. माझ्या ओळखीचे दुसरे कोणी सर्जन त्या जागी असते, तर पेशंटला झोपेचं इंजेक्शन द्यायला सांगून मोकळे झाले असते. शमा मुजावर पाटावर उभ्या राहून ऐकत होत्या.

“साठ्ये सर,” त्यांनी मला विचारलं, “तुमच्याकडे वेळ आहे?”

“हवा तेवढा,” मी म्हणालो. “बाई उत्तम आहेत. माझ्यापेक्षा उत्तम.”

“मग एकदा करून बघू. एकदाच. नाही जमलं तर सुरी. चालेल बाई?”

“बघा की.”

“घोरपडे, तू आता बसलायस. म्हणजे नुसतं धरायचं, जोर नाही. उपाध्ये, तू उठलीस. तू ओढ. मला दुसरी बाजू बघायची असेल तेव्हा मी ज्याला उठवायचं त्याच्या हाताला कोपर लावेन आणि खो म्हणेन. तो उठला की दुसऱ्याने त्याच क्षणी बसायचं. ओढ आणि सोड हे दोन शब्द आजपासून बंद.”

सिस्टरने सक्शन लावलं. सू-सू सुरू झाली.

मॅडमची टोपी खाली वाकली. मग, “खो.”

घोरपडेचे खांदे हळू मागे गेले. उपाध्येचे खाली आले.

“खो.”

उलट.

“अरे,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. “खालची कड दिसली. खो. वरची... वरची पण दिसली. आख्खी दिसतेय! सिस्टर, तुम्ही बघा. उपाध्ये, वाकून बघ, तुला पण दिसेल.”

मी नियम मोडला. स्टूलवर चढलो आणि पडद्यावरून डोकावलो. छेद तेवढाच होता, माझी चार बोटं जेमतेम मावतील एवढा. पण तो आता मेलेल्यासारखा ताणलेला नव्हता, सरकत होता. घोरपडे उठला की फट त्याच्याकडे सरकायची आणि वाटीची अर्धी कड दिसायची. खो झाला की फट उपाध्येकडे जायची आणि उरलेली अर्धी दिसायची. विहिरीत वाकून बघताना आपण काठाने फिरत जावं आणि तळ हळूहळू पुरा दिसावा तसं ते होतं. कपाळावरच्या दिव्याचा झोत थेट तळाशी जात होता. इतकी वर्षं थिएटरात काढून मी असं काही पाहिलं नव्हतं, आणि मला ते फार सुंदर वाटलं.

मी खाली बसलो तेव्हा चौगुले बाई माझ्याकडे बघत होत्या.

“दिसलं?”

“दिसलं बाई.”

“खोटं न्हाई न्हवं?”

“तुमची शपथ.”

मग त्यांनी डोळे मिटले आणि पलीकडच्या प्रत्येक खोबरोबर त्यांची बोटं माझ्या हातावर हलू लागली. कप बसवायची वेळ आली. मॅडम कोन जुळवत होत्या, हातोडीचे ठोके पडत होते, मध्येच कड पुन्हा तपासायची होती. एक खो जरा रेंगाळून आला.

“उशिरा दिलात!” चौगुले बाई पडद्याच्या अलीकडून ओरडल्या.

“चुकलं बाई,” मुजावर मॅडम तिकडून म्हणाल्या.

छेद शेवटपर्यंत चार बोटांचाच राहिला. दुसऱ्या दिवशी बाई वॉकर धरून वॉर्डच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथे उभं राहून त्यांनी समोरच्या नर्सला चालताना टाच कशी टेकवावी ते शिकवलं. पुढे थंडीत त्यांच्या मुलींचे सामने होते. मुजावर मॅडम मला गाडीत घालून इचलकरंजीला घेऊन गेल्या. बाई पांढरे बूट घालून मैदानाच्या रेषेवरून मुलींबरोबर पुढे-मागे चालत होत्या, ओरडत होत्या, आणि लंगडणं शोधून सापडत नव्हतं. मॅडम खेळाकडे बघतच नव्हत्या. त्या पूर्ण वेळ बाईंच्या उजव्या पायाकडे बघत होत्या. मुली जिंकल्या हेही मलाच मॅडमना सांगावं लागलं.

त्यानंतर आमच्या थिएटरात ओढ आणि सोड कोणी म्हणालं नाही. मॅडम हे नव्या आलेल्या प्रत्येकाला शिकवत. कँटीनमधल्यांनी आधी त्याचीही चेष्टा केली, मग एकेक जण पडद्यावरून डोकवायला येऊ लागला.

मुजावर मॅडम आता नाहीत. मी निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला आलो, आणि जिने चढता-उतरता माझाच डावा खुबा कुरकुरायला लागला. ज्या टेबलाच्या डोक्याशी जन्म काढला त्या टेबलावर मला आडवं केलं तेव्हा खरं सांगतो, मी घाबरलो होतो. कापतात कसं, ठोकतात कसं, आणि कुठे काय चुकतं, हे सगळं माहीत असलेल्या माणसाची भीती वेगळीच असते. माझ्या डोक्याशी एक तरुण भूलतज्ज्ञ मुलगी बसली होती.

“सर, थोडी झोप देऊ?”

“झोपेचं काही देऊ नका,” मी म्हणालो. “मला ऐकायचंय.”

सर्जनही तरुण होती. तिचं फार नाव होतं, पण मला ती ओपीडीत दोनदा भेटली तेवढीच ओळख. छोटा छेद घेईन म्हणाली होती. ती कुठे शिकली, कोणाच्या हाताखाली, हे विचारायचं मी विसरलो होतो. पडद्याच्या या बाजूला पडून मी हिरवं कापड बघत होतो. करवत झाली. सक्शन सू-सू करू लागलं. 

“मला दिसत नाहीये,” पलीकडून तिचा आवाज आला. “थांबा.”

भूल देणारी मुलगी पटकन माझ्याकडे वाकली. “घाबरू नका हं सर. त्या असं स्पष्ट म्हणतात. त्यांच्या घोरपडे सरांनीच तशी सवय लावलीय सगळ्यांना.”

“घोरपडे? उंच आहेत?”

“हो. तुम्ही ओळखता?”

 भीती कुठल्या कुठे गेली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं. ते पुसायला माझे हात मोकळे नव्हते. त्या मुलीने गॉजने पुसलं आणि मॉनिटरकडे बघितलं. तिथे सगळं ठीक होतं, मला माहीत होतं.

पलीकडे कोणीतरी पाय बदलला. सक्शनच्या वरून स्वच्छ ऐकू आलं.

“खो.”

थोडं थांबून, पुन्हा. मग पुन्हा. मी मोजत नव्हतो, नुसता ऐकत होतो. माझी बोटं टेबलाच्या कडेवर हलत होती. एक खो जरा रेंगाळला.

“उशिरा दिलात!” मी ओरडलो.

पलीकडे सगळे थबकले. मग मास्कमागून त्या तरुण सर्जनचा आवाज आला, किंचित गोंधळलेला.

“चुकलं सर.”